परसातला एक गुंठा

जमीन मोजण्याची आपली जी जुनी मापे आहेत, त्यांत गुंठा हे मोठे सुटसुटीत माप आहे. तेहतीस फूट लांब आणि तेहतीस फूट रुंद जागा आखली की झाला एक गुंठा. असे चाळीस गुंठे म्हणजे एक एकर. एकरांत हिशेब करणाऱ्या शेतकऱ्याला गुंठा म्हणजे बांधालगतचा कोपरा वाटतो. उलट, शहराच्या कडेला वसाहतीत ज्याने घर बांधले आणि ज्याच्या घरामागे गुंठाभर जागा मोकळी राहिली, त्याला ती मोठी दौलत वाटते. पण या दौलतीचे करायचे काय, हे त्याला पुष्कळदा उमजत नाही. तेथे चार मोगऱ्याची झाडे लागतात, एक पपई आपोआप उगवते, बांधकामातून उरलेल्या विटा रचल्या जातात आणि बाकीच्या जागेत गवत माजते.

आज आपण या एका गुंठ्याचा विचार करणार आहोत. उपनगरातल्या घरामागचा हा तुकडा काय, किंवा खेड्यातला परस, कोकणातले परडे काय, प्रश्न एकच आहे. एवढ्या जागेतून एका कुटुंबाच्या पोटात किती अन्न जाऊ शकते? आणि ते जावे यासाठी काय करावे लागते? भाषणातले आकडे कानावरून निघून जातात, छापील पानावर ते पुन्हा पाहता येतात. म्हणून प्रथम थोडे गणितच करू.

पहिली गोष्ट अशी की, परसात धान्य पिकवण्याचा हट्ट धरू नये. गव्हाचे पीक हेक्टरी तीस क्विंटल आले तर ते चांगले म्हणतात. या हिशेबाने गुंठ्याला तीस किलो गहू होतो. पाच माणसांच्या घरात तेवढा गहू महिनाभरही पुरत नाही. तेव्हा धान्य शेतातच व्हावे. परसाचे काम निराळे आहे. भाकरी शेत देईल, पण भाकरीबरोबर ताटात जे हवे, ते परसाने द्यावे.

ते किती हवे? जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्याप्रमाणे मोठ्या माणसाच्या पोटात रोज भाज्या आणि फळे मिळून निदान ४०० ग्रॅम जावीत, आणि यात बटाट्यासारखे पिठूळ कंद धरायचे नाहीत. पाच माणसांचे हे रोजचे दोन किलो झाले. वर्षाचे सव्वासातशे किलो. हा आकडा ऐकून पुष्कळजण दचकतील. आपल्या घरी रोज दोन किलो भाजी-फळे येतात का, हे ज्याचे त्याने मनाशी पाहावे. पुष्कळ घरांत येत नाहीत. आणि आली, तरी कोणाच्या वाट्याला किती येतात, हा आणखी एक प्रश्न आहे. २०१९-२१ मध्ये झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले. सहा महिने ते पाच वर्षे या वयाच्या मुलांत तर हे प्रमाण ६७ टक्के होते. पंडुरोगाची कारणे अनेक आहेत आणि एकट्या पालेभाजीने तो बरा होईल असे कोणी समजू नये. दवाखान्यातून मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या घेतल्याच पाहिजेत. परंतु ताटात हिरवे पान नाही, लिंबू नाही, फळ नाही, अशा घरात हा रोग ठाण मांडून बसतो, हे खरे. म्हणून परसबाग हा रिकामपणाचा छंद आहे असे मी मानीत नाही.

आता गुंठ्याकडून काय मिळू शकते ते पाहू. एकोणिसाव्या शतकात पॅरिस शहराभोवती भाजीमळेवाल्यांची मोठी वस्ती होती. शहरातल्या घोड्यांच्या तबेल्यांतली लीद ते मळ्यात आणीत आणि एकाच जमिनीत वर्षाला कितीतरी पिके काढीत. त्यांच्यापैकी पाँस नावाच्या मळेवाल्याचा हिशेब क्रोपोटकिन या रशियन विचारवंताने १८९९ साली पुस्तकरूपाने आलेल्या आपल्या ‘फील्ड्स, फॅक्टरीज अँड वर्कशॉप्स’ या ग्रंथात दिला आहे. पावणेतीन एकरांहून थोड्या कमी जागेत पाँस वर्षाला अडीच लाख पौंड भाजी काढीत असे. हे आपल्या मापात आणले, तर गुंठ्याला हजार किलोंहून थोडे अधिक पडते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या सामान्य कुटुंबांनी घरामागच्या अंगणात भाजी लावली. १९४३ च्या सुमारास तेथे अशा सुमारे दोन कोटी बागा होत्या, आणि देशात खपणाऱ्या ताज्या भाजीपैकी चाळीस टक्क्यांच्या आसपास भाजी त्यांतून येत होती, असा अंदाज आहे. आपल्याकडे कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर हे गणिताचे प्राध्यापक. त्यांनी ‘प्रयोग परिवारा’च्या द्वारा शेतकऱ्यांना आणि शहरवासीयांना हेच सांगितले की, सूर्यप्रकाश, पालापाचोळा आणि पाणी यांचा नेटका हिशेब ठेवला तर दहा गुंठ्यांत एक कुटुंब चांगले राहू शकते. त्यांचे ‘विपुलाच सृष्टी’ हे पुस्तक शिक्षकांनी अवश्य पाहावे.

मात्र पाँसचे हजार किलो आपल्या गुंठ्यात पहिल्याच वर्षी येतील, असे मी सांगणार नाही. त्याच्या मळ्यात दिवसभर राबणारे अनेक हात होते आणि खताला तोटा नव्हता. आपण नोकरी, शाळा, शेत सांभाळून सकाळ-संध्याकाळ बागेत जाणार. तेव्हा आपला हिशेब बेताचा धरू. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. त्यात चार फूट रुंद आणि दहा फूट लांब असे सोळा वाफे बसवा. राहिलेल्या जागेत पायवाटा, खताचा खड्डा, रोपांचा कोपरा आणि दोन-तीन झाडे. मेथीचा एक वाफा तीन-चार किलो भाजी देईल, टोमॅटोचा वाफा दहा-बारा किलो देईल, भेंडी यांच्या मधली. सरासरीने वाफ्याला सहा किलो धरा. वर्षात प्रत्येक वाफ्यात तीन पिके घेतली, तर सोळा त्रिक अठ्ठेचाळीस, आणि अठ्ठेचाळीस सक दोनशे अठ्ठ्याऐंशी किलो झाले. कुंपणावरचे आणि मांडवावरचे वेल ऐंशी किलो देतील. शेवगा, पपई, केळ, लिंबू यांचे पन्नास किलो. सगळे मिळून चारशे किलोंच्या वर जाते. म्हणजे रोजचे किलोभर. कुटुंबाच्या गरजेचा अर्ध्याहून अधिक भाग एका गुंठ्याने उचलला. पाच माणसांच्या पोषणबागेला दोन गुंठे जागा असावी असे कृषिशास्त्रज्ञ सांगतात, ते उगाच नव्हे.

‘रोजचे किलोभर’ या शब्दांतला ‘रोजचे’ हा शब्द फार महत्त्वाचा आहे. चारशे किलो भाजी एका महिन्यात आली तर ती घराच्या उपयोगाची नाही, निम्मी सडेल. शेताचे पीक एकदा खळ्यावर येते आणि वर्षभर कणगीत राहते. परसाचे पीक रोज ओट्यात यावे लागते. शेताची आणि परसाची रीत येथे वेगळी होते. परसात भरपूर पिकवायचे म्हणजे वर्षातला एकही दिवस रिकामा जाऊ न देणे. आणि हे सारे जमते ते परस घराला लागून असतो म्हणून. शेतात माणूस चार दिवसांनी फेरी मारील, परसात दिवसातून चार वेळा पाऊल पडते. ही जवळीक हेच परसाचे खरे भांडवल.

आता क्रमाने घेऊ. आधी ऊन. जमिनीला खत घालता येते, पाणी आणता येते, ऊन विकत मिळत नाही. म्हणून कुदळ हाती घेण्यापूर्वी आठ दिवस नुसते पाहत राहा की, कोठे किती वेळ ऊन पडते. फळभाज्यांना निदान सहा तास ऊन हवे. पालेभाज्या तीन-चार तासांवर भागवतात. हळद, आले, अळू, पुदिना यांना विरळ सावली चालते. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कलतो, हे आपण भूगोलात शिकवतोच. मुंबई-अहिल्यानगरच्या अक्षांशावर डिसेंबर महिन्यात ऐन दुपारी दहा फूट उंचीच्या भिंतीची सावली उत्तरेकडे सुमारे नऊ फूट पडते. म्हणजे घराच्या उत्तरेस भिंतीला लागून हिवाळ्यात टोमॅटो लावला तर तो नुसता पानांनी वाढेल. याच न्यायाने वेलांचा मांडव, शेवगा, केळ ही उंच मंडळी प्लॉटच्या उत्तर कडेला बसवावी आणि बुटकी पिके दक्षिणेला ठेवावी, म्हणजे कोणी कोणाचे ऊन खात नाही. शिक्षकांनी वर्गातल्या मुलांकडून शाळेच्या आवारात महिन्यातून एकदा काठीची सावली मोजून घ्यावी. भूगोलाचा धडा आणि बागेचा आराखडा दोन्ही साधतील.

दुसरी माती. उपनगरातल्या घरामागे माती म्हणून जे असते, त्यात पुष्कळदा चुना, विटांचे तुकडे आणि मुरूम असतो. ती टाकून नवी माती विकत आणण्याची घाई करू नका. मोठे दगड वेचा, जमीन फूटभर खोल खणा, आणि दर वाफ्याला दोन-तीन पाट्या चांगले कुजलेले शेणखत किंवा कंपोस्ट मिसळा. वाफा चार फुटांहून रुंद करू नका. दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोचला पाहिजे, म्हणजे वाफ्यात पाय ठेवावा लागत नाही. पायाखाली दडपलेल्या मातीत हवा राहत नाही आणि मुळे कोंडतात. पावसाळ्यात वाफे जमिनीपासून सहा-आठ इंच उंच, गादीसारखे करावे, म्हणजे पाणी निथळते. उन्हाळ्यात तेच खोलगट करावे, म्हणजे पाणी टिकते.

खताचा कारखाना घरातच आहे. भाज्यांची देठे, साली, चहाचा चोथा, आंगणातला पाला, गवत हे सगळे खड्ड्यात गेले पाहिजे. त्याची एक साधी युक्ती आहे. ओल्या, हिरव्या कचऱ्याचा एक थर झाला की त्यावर वाळक्या पाल्याचा त्याच्या दुप्पट जाड थर द्यावा, आणि वर पाटीभर माती किंवा शेणकाला. नुसता ओला कचरा सडून घाण मारतो आणि नुसता वाळका पाला महिनोन्‌महिने तसाच पडून राहतो. दोन्ही मिळाले, ओल राहिली आणि अधूनमधून उलथापालथ केली, तर तीन-चार महिन्यांत काळे, भुसभुशीत, मातीच्या वासाचे खत तयार होते. पाला जाळणाऱ्या शेजाऱ्याला सांगा की, बाबा रे, जाळू नकोस, माझ्या कुंपणाच्या आत टाक.

तिसरे पाणी. एक मिलिमीटर पाणी एक चौरस मीटर जागेवर पसरले, तर ते बरोबर एक लिटर होते. हे सोपे समीकरण मुलांना पाठ करवावे. आपले सोळा वाफे साठ चौरस मीटरांच्या आसपास भरतात. उन्हाळ्यात त्यांना दिवसाला पाच मिलिमीटर पाणी द्यायचे म्हटले, तर तीनशे लिटर, म्हणजे पंधरा लिटरच्या वीस बादल्या लागतील. महाराष्ट्रातल्या किती घरांना एप्रिल-मे महिन्यांत रोज वीस बादल्या बागेवर ओतता येतील? म्हणून उन्हाळ्यात बाग आखडती घ्यावी. सहा बादल्यांत पाच वाफे जगतात. तेवढेच चालू ठेवावे. बाकीच्या अकरा वाफ्यांवर पाल्याचे चार बोटे जाड आच्छादन घालून त्यांना मृगापर्यंत विश्रांती द्यावी. न्हाणीघरातले पाणी केळीच्या आणि शेवग्याच्या आळ्यात सोडावे. पानावर पडून कच्चे खाल्ले जाईल अशा भाजीला साबणाचे किंवा गटाराचे पाणी कधीही देऊ नये.

आता वर्षाची आखणी. एक वाफा घेऊन पाहू. जूनमध्ये पावसाच्या सुरुवातीला भेंडी टोकली, तर दीड महिन्यात पहिला तोडा येतो आणि सप्टेंबरअखेरपर्यंत तोडे चालतात. भेंडी संपता संपता बागेच्या कोपऱ्यात टोमॅटोची रोपे टाकावी. ती कोपऱ्यात वाढत असतात तोवर मोकळ्या झालेल्या वाफ्यात मेथी होऊन जाते. महिनाभरात मेथी निघाली की टोमॅटोची रोपे तेथे लावायची. ती फेब्रुवारीपर्यंत चालतात. म्हणजे आठ-नऊ महिन्यांत एका वाफ्याने तीन पिके दिली, आणि वाफा मोकळा असा आठवडाभरही राहिला नाही. रोपे निराळ्या कोपऱ्यात वाढवण्याचा लाभ हाच आहे. त्यांचे बाळपण दुसरीकडे जाते आणि वाफ्याचा महिना वाचतो.

मेथी, कोथिंबीर, मुळा, पालक ही पिके एकदम सगळी पेरू नयेत. एका वाफ्याचे तीन भाग करून दर दहा दिवसांनी एकेक भाग पेरावा. एकाच दिवशी पेरलेली मेथी एकाच दिवशी तयार होते, आणि मग चार दिवस घरात मेथीशिवाय बोलणे नाही. टप्प्याने पेरलेली महिनाभर पुरते.

जमिनीवर जागा संपली की वर पाहावे. कुंपणावर मायाळू, वाल आणि तोंडली चढवा. तोंडलीचा वेल एकदा छाट कलमाने लागला की वर्षानुवर्षे जगतो. मांडवावर दुधी, दोडका, कारले, पडवळ. मांडवाखाली अळू आणि हळद. पुष्कळांची तक्रार असते की, दुधीला फुले येतात पण दुधी धरत नाही. दुधीची पांढरी फुले संध्याकाळी उमलतात. ज्या फुलामागे इवलासा दुधी असतो ते मादीफूल. ज्याच्यामागे नुसता देठ ते नरफूल. वस्तीत रात्री हिंडणारे कीटक कमी असले म्हणजे पराग पोचत नाही. अशा वेळी दिवेलागणीला एक नरफूल खुडून मादीफुलाच्या मध्यभागी हलकेच टेकवावे. घरातल्या मुलांना हे काम फार आवडते.

पेरणीविषयी सगळेच बोलतात. तोडणीविषयी कोणी फारसे बोलत नाही. परसाचे पीक निम्मे पेरणाऱ्याच्या आणि निम्मे तोडणाऱ्याच्या हातात असते. याचे कारण वनस्पतीच्या स्वभावात आहे. झाडाला आपली भाजी व्हावी अशी मुळीच इच्छा नसते. त्याला बी तयार करायचे असते. एकदा बी पक्के होऊ लागले की झाडाची सारी ताकद तिकडे वळते आणि नवी फुले येणे मंदावते. आपण कोवळे फळ तोडले की झाड पुन्हा फुलते. भेंडी फूल गळाल्यावर पाच-सहा दिवसांत तोडावी आणि एक दिवसाआड तोडावी. चार भेंड्या पानांआड राहून जून झाल्या तर त्या चारच वाया जात नाहीत, पुढच्या दहाही येत नाहीत. गवार, काकडी, दोडका, घेवडा यांची हीच रीत. वांगे तकतकीत असताना तोडावे. चकाकी गेली की आत बी भरले असे समजावे. मिरची हिरवी तोडीत राहिले तर झाड महिनोन्‌महिने चालते. लाल मिरचीसाठी एक-दोन झाडे वेगळी राखावी. टोमॅटोवर तांबूस झाक आली की तो उतरवावा. तो घरात पिकतो, पाखरे टोचत नाहीत आणि पाणी कमीजास्त झाल्याने तडकतही नाही.

पालेभाजी उपटण्याऐवजी खुडायला शिकावे. पालकाची बाहेरची पाने खुडली, किंवा जमिनीपासून दोन बोटे ठेवून कापला, तर तो चार-पाच वेळा फुटतो. माठ आणि राजगिरा यांचे शेंडे खुडले की बाजूने फांद्या येतात. खुडणी सकाळी करावी. रात्रभर पाणी पिऊन पाने टवटवीत असतात. पानांतले क जीवनसत्त्व खुडल्यापासून कमी होऊ लागते. बाजारातली पालेभाजी एक-दोन दिवसांचा प्रवास करून येते, परसातली दहा मिनिटांत कढईत पडते. तिला फोडणीचे थोडे तेल मिळाले म्हणजे तिच्यातले अ जीवनसत्त्वाचे द्रव्य अंगी लागते, आणि वर लिंबू पिळले म्हणजे लोह अधिक चांगले शोषले जाते. मुळ्याचा पाला, नवलकोलाची पाने, शेवग्याचा पाला, लाल भोपळ्याची फुले आपण पुष्कळदा टाकून देतो. ही सारी भाजीच आहे. त्यासाठी नवा वाफा लागत नाही.

रोज तोडणी चालू असली की आणखी एक गोष्ट ओघानेच येते. विषारी औषध फवारता येत नाही. फवारणीनंतर जितके दिवस थांबायला सांगतात, तितके दिवस परसात थांबणे शक्य नसते, कारण उद्या सकाळी कोणीतरी तेथून कोथिंबीर खुडणारच. म्हणून परसात हातांनीच किडी वेचाव्या, मावा पडलेला शेंडा मोडून टाकावा, आणि जरूर पडली तर लिटरभर पाण्याला पन्नास ग्रॅम निंबोळीच्या गराचा अर्क करून फवारावा. रोज तोडणाऱ्याची नजर रोज पानांवर फिरते. कीड दोन पानांवर असतानाच सापडते.

कधी कधी सारे एकदम येते. तेव्हा शेजारी द्यावे, आणि उरेल ते राखावे. आपल्या आया-आज्यांना ही विद्या चांगली अवगत होती. कोहळ्याचे सांडगे, ताकातली सांडगी मिरची, वाळवलेली गवार ही परसाची कणगीच होती. लाल भोपळा आणि कोहळा पक्के होऊ देऊन देठासकट उतरवले, तर कोरड्या जागी महिनोन्‌महिने राहतात. सुरण तयार झाला तरी काही काळ जमिनीत ठेवून लागेल तसा काढता येतो.

शिक्षकांसाठी दोन शब्द. प्रधानमंत्री पोषण योजनेत २०२१ पासून शाळांच्या पोषणबागांना उत्तेजन दिले आहे, आणि आपल्याकडे कितीतरी शाळांत परसबागा आहेतही. त्यांत अडचण येते ती सुट्ट्यांची. दिवाळीत आणि मे महिन्यात तोडायला कोणी नसते. म्हणून शाळेच्या बागेची आखणी शाळेच्या वेळापत्रकावर करावी. जूनमध्ये पेरलेले दिवाळीपूर्वी संपावे. सुट्टी संपताच दुसरी पेरणी करून ती मार्चअखेर आटोपावी. कुंपणाला शेवगा आणि कढीलिंब लावावा, तो सुट्टीतही आपला आपण राहतो. आणि एक वही ठेवावी. रोज काय तोडले, किती ग्रॅम भरले, कोणत्या वाफ्यातून आले आणि त्याचे काय झाले, हे मुलांनी लिहावे. बेरीज, सरासरी, टक्केवारी यांची उदाहरणे पुस्तकाबाहेर शोधायला नकोत.

ही वही घरीही ठेवा, आणि तिच्यात शेवटचा रकाना ‘कोणी खाल्ले’ असा आखा. परसातली चांगली भाजी बाजारात जाते, उरलेली पाहुण्यांना जाते आणि जी बाई पहाटे उठून झारी घेते, खुडते, निवडते, तिच्या ताटात शेवटी रसाच पडतो, असे पुष्कळ घरांत घडते. मग गुंठ्याने चारशे किलो दिले काय आणि हजार किलो दिले काय, ज्या पंडुरोगाची गोष्ट आपण वर केली तो जागचा हलणार नाही. विक्री अवश्य करा, पण घरातल्या प्रत्येकाच्या ताटात हिरवी वाटी पडल्यावर करा.

सोळा वाफे पाहून कोणी घाबरू नये. येत्या मृगाला दोनच वाफे करा. एकात भेंडी, दुसऱ्यात टप्प्याटप्प्याने माठ आणि पालक. कुंपणाला एक दोडका. खताचा खड्डा मात्र आजच खणा, कारण त्याला तीन-चार महिने लागतात. आणि विळा, खुरपे, झारी यांच्या शेजारी एक लहान टोपली खुंटीला अडकवून ठेवा. ती रोज सकाळी खाली उतरली पाहिजे.